आईला वाढू द्यायचं नाही

व्हिएन्नात काही दुकानांच्या काचेआड गांजाची रोपं उघडपणे विकायला ठेवलेली असतात. वीतभर उंची, पानांच्या दोन-तीन जोड्या आणि बुडाशी मुळांनी गच्च भरलेला छोटा चौकोनी तुकडा. गिऱ्हाईक रोप उचलून मुळं पांढरी आहेत का ते बघतं, पान उलटून कोळी तर नाही ना याची खात्री करतं, पैसे मोजतं आणि पिशवी घेऊन चालू लागतं. दारावरून पोलिस गेला तरी कुणाची धांदल उडत नाही. ऑस्ट्रियाच्या कायद्याला नुसत्या रोपाचं वावडं नाही. अमली पदार्थ मिळवण्यासाठी ते वाढवलं की गुन्हा सुरू होतो. त्यामुळे फुलोरा न आलेलं रोप विकणारा दुकानदार निर्धास्त असतो, आणि घरी नेऊन त्याचं कोण काय करतं याची चौकशी करण्याच्या भानगडीत तो पडत नाही.

त्याची काळजी निराळी असते. गेल्या खेपेला नेलं तेच वाण गिऱ्हाइकाला पुन्हा हवं असतं. तोच वास, तीच उंची, तितक्याच आठवड्यांत येणारा फुलोरा. बियाण्यातून ही हमी देता येत नाही. म्हणून दुकानामागे, बहुधा गावाबाहेरच्या एखाद्या शेडमध्ये, मातृरोपांची खोली असते. तिथल्या झाडांना फुलू द्यायचं नाही आणि मरूही द्यायचं नाही. शिवाय गेल्या तीस-चाळीस वर्षांत या धंद्याने आणखी एक अट घातली आहे: त्यांना वाढूही द्यायचं नाही. गुडघ्याएवढ्या उंचीच्या झाडाकडून महिनोन्‌महिने कलमं काढत राहायची, ही या व्यवसायाची खास कारागिरी झाली आहे.

गांजात नर झाड वेगळं आणि मादी वेगळं, हे पपई लावणाऱ्याला समजावून सांगायला नको. बी पेरलं तर साधारण निम्मी झाडं नर निघतात. नराचा पराग पडला की मादीच्या फुलोऱ्यात बी धरतं आणि त्यातली राळ कमी होते. बाजाराला हवा असतो तो बिनबियांचा, राळेने चिकट झालेला मादी फुलोरा. ही अडचण आपल्याकडच्या शेतकऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होती. १८९३ मध्ये ब्रिटिश सरकारने नेमलेल्या भारतीय हेम्प ड्रग्ज आयोगाने ११९३ साक्षीदारांच्या साक्षी नोंदवल्या. त्याच्या अहवालात बंगालमधल्या नौगावच्या गांजाशेतीचं बारकाईने वर्णन आहे. तिथे नर झाडं ओळखून उपटण्यासाठी ‘पोद्दार’ नावाचा जाणकार बोलावला जाई. इंग्रज अधिकारी त्याला गांजाचा डॉक्टर म्हणत. फुलं उमलण्याआधीच तो शेतातून फिरे आणि नुसत्या बांध्यावरून नर हेरून काढे. एखादा नर नजरेतून सुटला तरी आसपासच्या शेतांचं नुकसान ठरलेलं. मुंबई इलाख्यात अहमदनगर जिल्ह्यातल्या गांजाचीही आयोगाने दखल घेतली आहे.

कलमाने पोद्दाराची गरजच संपवली. मादी झाडाची फांदी तोडून तिला मुळं फुटवली, तर नवं झाड मादीच होतं, आणि गुणांतही आईची प्रत. मादी झाडावर सिल्व्हर थायोसल्फेट फवारून तिच्याकडूनच पराग काढायचा आणि फक्त मादी बियाणं तयार करायचं, ही युक्तीही बाजारात रुळली आहे. त्याने नराचा प्रश्न सुटतो, पण भावंडांत फरक राहतोच. एका खोलीत शंभर झाडं एकाच दिवशी कापायची असतील, तर आठ दिवस मागे-पुढे पिकणारी भावंडं परवडत नाहीत.

आईला कायम तरुण ठेवता येतं ते उजेडाच्या तासांमुळे. डब्ल्यू. डब्ल्यू. गार्नर आणि एच. ए. अलार्ड या अमेरिकी कृषी खात्यातल्या दोघांनी १९२० मध्ये तंबाखू व सोयाबीनवरच्या प्रयोगांतून दाखवून दिलं, की कित्येक वनस्पती फुलायची वेळ दिवसाच्या लांबीवरून ठरवतात. गांजा त्यांपैकीच एक. दिवस आखडून रात्र लांबली की तो फुलतो. मातृरोपांच्या खोलीत रोज अठरा तास दिवे चालू ठेवले की त्या झाडांच्या लेखी आषाढ कधी संपतच नाही. लांब रात्रीच्या मधोमध थोडा वेळ दिवा लावला तरी झाड फसतं. मध्य आशियाकडच्या रुडरॅलिस जातीचं रक्त असलेली वाणं मात्र उजेडाला जुमानत नाहीत. वय झालं की फुलतात. त्यांची मातृरोपं करता येत नाहीत.

मग ही झाडं बुटकी का ठेवायची? मोकळ्या रानात गांजा दोन-तीन मीटर सहज जातो. मोठ्या झाडाला फांद्या जास्त, म्हणजे कलमं जास्त, असा सरळ हिशेब आहे. तो मोडला हेलिकॉप्टरने. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात ‘कॅम्प’ नावाची मोहीम सुरू झाली आणि उत्तरेकडच्या डोंगरांतली गांजाशेती आकाशातून शोधून उपटली जाऊ लागली. लागवड तळघरात, गॅरेजात, कपाटात शिरली. तळघराचं छत आठ फुटांवर. त्यातले दोन-तीन फूट दिव्यांना आणि कुंडीला गेले की झाडाला उरतं किती? फुलोऱ्यासाठी तिथे एक पद्धत रूढ झाली: मुळं फुटताच रोपांना दाटीवाटीने लावायचं, फारसं वाढू न देता लगेच बारा तासांच्या उजेडावर टाकायचं आणि प्रत्येकाकडून एकच मोठं कणीस घ्यायचं. जागा थोडी, पिकं जास्त. पण या पद्धतीला कलमांची भूक जबर. उत्पन्न न देणाऱ्या मातृरोपासाठी त्याच तळघरातला निम्मा भाग कोण सोडणार? म्हणून आईने दिवाणाखाली मावायला हवं होतं.

कायद्यानेही झाडाच्या आकाराशी असाच विचित्र खेळ केला. अमेरिकेच्या संघराज्य कायद्यात शिक्षा झाडांच्या संख्येवर बेतलेली आहे. शंभर झाडांना किमान पाच वर्षं, हजारांना दहा. मग कलम हे झाड धरायचं की नाही, यावर कोर्टात कीस पडला. निवाडा मुळांवर येऊन ठेपला: पानं असलेल्या काडीला डोळ्यांना दिसतील अशी मुळं फुटली असतील तर ते झाड. म्हणजे मंगळवारी ट्रेमधल्या काड्या होत्या आणि शुक्रवारी त्याच ट्रेने पाच वर्षांची शिक्षा ओढवली, असं घडू शकत होतं. आज जिथे घरगुती लागवड चालते तिथेही मोजणी नगावरच आहे. कॅनडात २०१८ पासून एका घराला चार झाडं (क्वेबेक प्रांताने तीही नाकारली), कॅलिफोर्नियात सहा, जर्मनीत एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणशी तीन. जर्मनीतल्या लागवड मंडळांकडून महिन्याला पाच कलमं घेता येतात. चारात एक आई धरली तर फुलोऱ्याला तीनच उरतात, म्हणून घरगुती हौशी लोकांना आई पाळणं परवडत नाही. ते काम परवानाधारक रोपवाटिकांकडे आलं. कॅनडाने तर त्यासाठी रोपवाटिकेचा वेगळा परवानाच काढला आहे.

अशा रोपवाटिकेतली मातृरोपांची खोली दिसायला बुटक्या, पसरट झुडपांची असते. कुंडी दहा लिटरच्या आतली, कधी चार-पाच लिटरचीच. खोड अंगठ्याएवढं, पण त्यावर इतक्या गाठी की एवढ्याशा झाडाचं वय किती असावं असा प्रश्न पडावा. मुख्य शेंडा कधीच खुडलेला असतो. बगलेतले डोळे फुटून त्याच्या दोन फांद्या, त्यांचे शेंडे खुडले की चार, मग आठ. शेंडा खुडल्यावर खालचे डोळे का फुटतात याचं उत्तर शाळेच्या पुस्तकात ‘ऑक्सिन’ असं दिलेलं असतं. शेंड्यात तयार होणारं हे संजीवक खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं, हे केनेथ थिमान आणि फोल्के स्कूग यांनी १९३०च्या दशकात शेंडा कापलेल्या झाडांवर ऑक्सिन लावून दाखवलं. २०१४ मध्ये वाटाण्यावरच्या संशोधनाने त्यात भर घातली. शेंडा गेल्यावर डोळे इतक्या लवकर जागे होतात की ऑक्सिन कमी झाल्याची वर्दी तोवर त्यांच्यापर्यंत पोचलेलीही नसते. आधी पोचते ती साखर, जी एरवी शेंडा एकटाच ओढून घेत असतो. खुडणाऱ्याला या वादाशी कर्तव्य नाही. त्याला एवढं कळतं की कलम घेणं हीच छाटणी असते, आणि ज्या आईकडून वेळेवर कलमं घेतली जात नाहीत ती हातातून जाते.

दर काही महिन्यांनी झाड कुंडीतून उपसतात, मुळांच्या गड्ड्याचा बाहेरचा थर सुरीने कापून टाकतात आणि ताजं कोकोपीट भरून त्याच कुंडीत परत बसवतात. खत बेताचं आणि उजेडही फुलोऱ्याच्या खोलीपेक्षा मंद. निळसर दिव्यांखाली पेरं आखूड राहतात. मूळ वाणावरही बरंच अवलंबून असतं. हिंदुकुशकडची रुंद पानांची अफगाणी वाणं जात्याच ठेंगणी, तर केरळ किंवा थायलंडकडची सडपातळ वाणं कितीही खुडली तरी छताकडे धाव घेतात.

कलम घेण्याचं काम टेबलाशी बसून चालतं. डाव्या हातात चार-सहा इंचांचा कोवळा शेंडा, उजव्या हातात शस्त्रक्रियेच्या चाकूचं पातं. डोळ्याच्या किंचित खाली तिरका छेद द्यायचा, खालची पानं काढायची, कापलेलं टोक आयबीए नावाच्या संजीवकाच्या जेलमध्ये बुडवायचं आणि रुजवण्यासाठीच्या भिजवलेल्या तुकड्यात खोचायचं. द्राक्षाचे खुंट किंवा डाळिंबाची गुटी करणाऱ्या नाशिक-सोलापूरकडच्या रोपवाटिकावाल्याला ‘आयबीए’ हे नाव नवं नाही. मग वर झाकण, आत दमट हवा, आणि दहा ते चौदा दिवसांची वाट.

या कामात वर्षानुवर्षं एक रीत चालत आली होती: उरलेल्या पानांची टोकं कात्रीने उडवायची. पान लहान झालं की पाणी कमी उडतं, म्हणून काडी तग धरते, असा तर्क. हा सगळा धंदा लपूनछपून चालायचा, त्यामुळे तो कुणी तपासलाच नव्हता. कायदा सैल होऊ लागल्यावर कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठात डेरन कॅपलान आणि सहकाऱ्यांनी तो तपासला आणि २०१८ मध्ये निष्कर्ष छापले. टोकं छाटलेल्या कलमांत मुळं धरण्याचं प्रमाण ७१ टक्क्यांवरून ५३ वर घसरलं होतं. विलोच्या सालीच्या अर्काला नैसर्गिक म्हणून फार मान होता. आयबीएने त्याच्या दुप्पट कलमं रुजवली. कलम झाडाच्या वरच्या भागातून घ्यावं की खालच्या, यावर तर हौशी मंडळींनी रात्री जागवल्या होत्या. मुळं धरण्याच्या बाबतीत त्याने काहीच फरक पडला नाही. निम्मं शतक लोक शपथेवर सांगत आलेल्या गोष्टींची विल्हेवाट एका शोधनिबंधात लागावी, यातच बंदीच्या काळाने या पिकाच्या ज्ञानाचं काय केलं ते दिसतं.

सातत्य हा निव्वळ आकड्यांचा मामला आहे. समजा, दर आठवड्याला साठ रोपं द्यायची आहेत. दहापैकी आठ कलमं धरतात असं मानलं तरी पंचाहत्तर कापावी लागतात. एक ठेंगणी आई एका खेपेला दहा-बारा कलमं देते आणि तिला पुन्हा फुटायला तीनेक आठवडे लागतात. म्हणजे वीस आया लागल्या. आजारपणासाठी चार-पाच वर. मोठी झाडं ठेवली असती तर पाच-सहांत भागलं असतं. पण सहातली एक गेली तर आठवड्याची तूट भरून काढता येत नाही. शिवाय लहान झाडं मांडणीवर एकावर एक मजल्यांनी ठेवता येतात. विजेचाही हिशेब आहेच. अमेरिकेतली बंदिस्त गांजाशेती देशातली सुमारे एक टक्का वीज खाते, असा अंदाज इव्हान मिल्स यांनी २०१२ मध्ये मांडला होता. अठरा तास दिव्यांखाली राहून फूल न देणाऱ्या झाडांचं बिल त्यातच आलं.

इथवर बुटकी आई ही शहाणी काटकसर वाटते. गोष्ट बिघडली ती कॅलिफोर्नियात. तिथल्या उत्पादकांना गेल्या दशकात काही झाडं चमत्कारिकपणे बसकी होताना दिसू लागली. पानं लहान, फांद्या आडव्या पसरलेल्या, खोड काडकन मोडणारं, फुलोरा विरळ आणि राळ निम्म्यावर. त्यांनी त्यांना ‘डड’, म्हणजे फुसकी, असं नाव दिलं आणि दोष कधी खताला, कधी पाण्याला, कधी माळ्याला दिला. २०१९ मध्ये दोन शोधनिबंधांनी खरा गुन्हेगार पकडून दिला: हॉप लेटेंट व्हायरॉइड. हॉप म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी वेल, गांजाच्याच कुळातली. हॉपमध्ये हा जंतू १९८०च्या दशकापासून माहीत होता आणि फारसा त्रास न देता राहतो म्हणून दुर्लक्षित होता. व्हायरॉइड विषाणूहूनही साधा असतो. करोनाच्या विषाणूचा जनुकीय मजकूर सुमारे तीस हजार अक्षरांचा, याचा २५६. आरएनएचं एक उघडं वेटोळं, त्याला कवच नाही की त्यातून एखादं प्रथिनही बनत नाही. थिओडोर डायनर यांनी १९७१ मध्ये बटाट्यात पहिला व्हायरॉइड ओळखला, तेव्हा इतकी लहान गोष्ट रोग करू शकते हे मानायला बरेच जण तयार नव्हते.

हा व्हायरॉइड पसरतो रसातून, म्हणजे मुख्यतः चाकूच्या पात्यावरून. ज्या खोलीत दिवसभर एकाच पात्याने एका आईवरून दुसरीवर जात शेकडो छेद दिले जातात, तिच्याहून सोयीची जागा त्याला मिळाली नसती. पातं स्पिरिटमध्ये बुडवलं की भागलं, हा समज इथे उपयोगी पडत नाही; ब्लीच लागतं. आणि रोगट आईची प्रत्येक प्रत रोगट. ऑकलंडच्या डार्क हार्ट नर्सरीने २०२१ मध्ये आपल्या तपासण्यांच्या आधारे सांगितलं, की कॅलिफोर्नियातल्या नव्वद टक्के लागवडींत हा जंतू सापडतो. ही नर्सरी स्वतःच निरोगी रोपं विकणारी, तेव्हा आकडा जरा जपूनच घ्यावा. पण ब्रिटिश कोलंबियातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठाचे वनस्पतिरोगतज्ज्ञ झमीर पुंजा यांच्या संशोधनातूनही कॅनडातलं चित्र काळजीचंच दिसतं.

खरा पेच ठेंगण्या आईत आहे. आखूड पेरं, लहान पानं, आडव्या फांद्या ही मातृरोप नीट सांभाळल्याची लक्षणं आणि तीच व्हायरॉइडची. कुशल माळ्याने खुडून, मुळं कापून, खत आवरून जे रूप आणलं तेच रोग आपण होऊन आणतो. उलट काही रोगट झाडं फुलोऱ्याच्या खोलीत जाईपर्यंत टवटवीत दिसतात. ‘लेटेंट’ म्हणजे दडून बसलेला, हे नाव त्याला उगीच मिळालेलं नाही. नजरेवर विसंबणाऱ्या पोद्दाराला इथे काहीही करता आलं नसतं. प्रयोगशाळेत नमुना धाडावा लागतो, तोही शक्यतो मुळांचा, कारण पानांत न सापडलेला जंतू पुष्कळदा मुळांत सापडतो.

रोगाखेरीज वयही आहेच. इंग्लंडमधल्या लूटनच्या एक्झोडस या गटाच्या नावाने ओळखलं जाणारं ‘चीज’ वाण १९८०च्या दशकाअखेरीच्या एका झाडापासून हातोहात कलमांनी पसरलं, असं सांगतात. अशी वाणं बियाण्यात मिळत नाहीत, आणि त्यांच्या आया हे मालकांच्या अभिमानाचे विषय असतात. पण प्रत म्हणजे हुबेहूब प्रत, हे कागदावरच. ग्वेल्फ आणि लाव्हाल विद्यापीठांच्या संशोधकांनी २०२२ मध्ये ‘हनी बनाना’ वाणाचं एकच झाड घेऊन त्याच्या बुडाचा, मधला आणि शेंड्याचा डीएनए वेगवेगळा वाचला, तर एकाच झाडाच्या तीन भागांत फरक सापडला. पेशी विभागताना चुका साठत जातात. फांदीवरून फांदी, कलमावरून कलम घेत गेलं की त्या वारशाने पुढे जातात. कोणत्या चुकीने राळेचं काय होतं हे अजून सुटायचं आहे, पण वीस वर्षं तीच आई चालवल्याची फुशारकी आता संशयाने ऐकली जाते.

महाराष्ट्रात गांजाचं मातृरोप ठेवायचा प्रश्नच येत नाही. १९८५च्या एनडीपीएस कायद्याखाली लागवडीला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि उसात किंवा तुरीत लपवलेली झाडं पोलिसांनी उपटल्याच्या बातम्या दरवर्षी छापून येतात. तरीही त्या आयांची दुखणी इथे अनोळखी नाहीत. ऊस हे कलमाचंच पीक. बेणेमळा वेगळा राखा, बेण्याला उष्ण हवेची प्रक्रिया करा, दर तीन-चार वर्षांनी बेणं बदला, हे कृषी अधिकारी कंठशोष करून सांगतात, कारण जुन्या बेण्यातून गवताळ वाढीचा रोग पुढे चालत राहतो. रावेर-यावल भागात २०२० मध्ये केळीवर कुकुंबर मोझॅक विषाणू आला तेव्हा शेतकऱ्यांनी उभ्या बागा उपटून बांधावर टाकल्या. ती रोपं ऊतिसंवर्धनाची, म्हणजे प्रतीच. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये १७६५ कोटी रुपयांची ‘क्लीन प्लांट’ योजना मंजूर केली. तिची तीन केंद्रं महाराष्ट्रात यायची आहेत: द्राक्षासाठी पुण्यात, संत्र्यासाठी नागपुरात, डाळिंबासाठी सोलापुरात. काम तेच: निरोगी मातृवृक्ष तपासून राखायचे आणि तिथूनच काडी-डोळे पुरवायचे. रोग मावा पसरवतो की चाकू, एवढाच काय तो तपशिलाचा फरक.

गांजाच्या मोठ्या रोपवाटिकांनी व्हायरॉइडच्या संकटातून दोन टप्प्यांची व्यवस्था काढली. शेंड्याच्या अगदी टोकाचा, मिलिमीटरहूनही लहान भाग सूक्ष्मदर्शकाखाली कापून बाटलीत वाढवायचा. तिथे जंतू बहुधा पोचलेला नसतो. वाढलेल्या रोपाची पुन्हापुन्हा तपासणी करायची आणि मूळ वाण तिथेच, कमी तापमानात, जपून ठेवायचं. कलमांचा रोजचा रतीब मात्र बाटलीतून परवडत नाही. एकेक रोप महाग पडतं आणि मुळं धरवणं कटकटीचं. तो अजूनही कुंडीतली ठेंगणी आईच घालते. पण तिच्याकडून अपेक्षा बदलली आहे. बाटलीतून आलेल्या रोपाची दोन महिन्यांत आई करायची, तीन ते सहा महिने कलमं घ्यायची आणि झाड धडधाकट असलं तरी कुंडीसकट बाहेर काढायचं. चार लिटरच्या कुंडीतलं झाड फेकताना जीव तुटत नाही; छताला टेकलेलं, दहा वर्षं जपलेलं झाड फेकवत नाही, आणि कॅलिफोर्नियातला रोग पुष्कळसा अशाच झाडांच्या मायेने पोसला गेला. आता कुंडीच्या कडेला वाणाचा क्रमांक, लावल्याची तारीख, मुळं शेवटची तपासल्याची तारीख आणि टाकायची तारीख अशी चिठ्ठी असते. शिवाय प्रत्येक आईच्या नावाचं एक वेगळं पातंही असतं.